वाणात आलेले मासे

सासूबाई आमच्याकडे डोंबिवलीला राहायला येणार असं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. माशांची टाकी बरोबर येणार. ठाण्यातली, खोपटची त्यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली होती. नवीन घर हातात येईपर्यंत कुठेतरी राहणं भाग होतं, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने भाड्याच्या खोलीत एकटीने राहायचं हे नवऱ्याला पटत नव्हतं, मलाही नाही. पण खरं सांगते, मन काही तयार नव्हतं. इतकी वर्षं आम्ही सासू-सून लांबून गोड होतो. सणावाराला जायचं, जेवायचं, डबे घेऊन परत यायचं. आता एका वन बीएचकेत चोवीस तास. माझं तोंड फटकळ, आणि त्यांचं उघडतच नाही. मनात काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. अशा दोन बायकांचं कसं होणार, याची मला धास्तीच होती.

टाकी टेम्पोतून आली, मागे गादीवर आडवी. मासे झाकणाच्या बादलीत होते आणि ती बादली ड्रायव्हरशेजारी बसलेल्या सासूबाईंच्या पायांमध्ये होती. शीळफाट्याला नेहमीसारखं सगळं तुंबलेलं. आम्ही मागून रिक्षात. नवरा दर पाच मिनिटांनी आईला फोन करून विचारतोय, "बरी आहेस ना?" आणि त्या सांगतायत, "सगळे बरे आहेत." सगळे म्हणजे मासे.

आमची दोन्ही घरं कोकणातली. बुधवार, शुक्रवार, रविवार तव्यावर बांगडा नाहीतर सुरमई असतेच. पहिल्या रविवारी मी मुद्दाम विचारलं, "आई, टाकीतल्यांना वाईट नाही वाटत का हो, आपण असं समोर बसून तुकड्या खातो ते?" त्यांनी काटा काढत शांतपणे सांगितलं, "ते गोड्या पाण्यातले आहेत. त्यांचा काही संबंध नाही." त्या विनोद करतायत की खरंच सांगतायत ते मला आजवर कळलेलं नाही.

टाकीत फार काही नव्हतं. मोती गुरामीची एक जोडी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. गुरामीला पोटाखाली दोन लांब दोऱ्यांसारख्या मिशा असतात, त्यांनी तो समोरचं चाचपत चालतो. तळाला वाळू हुंगत फिरणारे काही छोटे मासे आणि मधल्या पाण्यात निऑन टेट्रांचा घोळका. बाकी झाडं. मला तर अर्धी टाकी रिकामीच वाटायची. मी म्हटलं, "आणूया की अजून थोडे, एवढी जागा आहे." तर म्हणाल्या, "जागा तुला दिसते. ते त्याच पाण्यात खातात, त्याच पाण्यात घाण करतात आणि तेच पाणी श्वासात घेतात." पस्तीस-एक वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई. मग मला पंधरा मिनिटं फिल्टर समजावून सांगितला. त्यातल्या स्पंजमध्ये बारीक जिवाणू वाढतात, ते घाण पचवतात. जेवढे मासे तेवढे जिवाणू, हळूहळू जमलेले. एकदम पाहुणे वाढले की ते पुरे पडत नाहीत, आणि मग पाण्याचं विष होतं.

मासा घ्यायला जायच्या तर स्थळ बघायला गेल्यासारख्या जायच्या. दुकानदाराला त्यांचे प्रश्न ठरलेले. पूर्ण वाढ झाल्यावर केवढा होतो, पाण्याच्या कुठल्या थरात राहतो, आणि जेवताना दुसऱ्याशी कसा वागतो. रंग सगळ्यात शेवटी. बरेचदा एवढं सगळं विचारून काहीच न घेता परत यायच्या. मला दुकानदाराचीच दया यायची.

तर असं आमचं बरं चाललं होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ बरं. मी बँकेतून यायचे तर भाजी चिरलेली असायची. मी वैतागून बडबड केली की त्या ऐकून घ्यायच्या, आणि सगळं ओतून झालं की फक्त म्हणायच्या, "चहा टाक." दिवाळीपर्यंत मला त्यांची सवय झाली होती. त्यांना माझी झाली की नाही ते मात्र कळत नव्हतं.

मग संक्रांत आली. आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं. चौथ्या मजल्यावर एक नवीन जोडपं आलेलं. त्यातली ती मुलगी आयटीत, घरून काम करणारी, फार हौशी. ती बोलवायला आली आणि दारातूनच आत वाकून म्हणाली, "आजी, तुम्ही पण यायचंय हं." मी सासूबाईंकडे बघितलं. सासरे जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून सासूबाईंना कुणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नव्हतं. आमच्या बिल्डिंगमधल्या जुन्या बायका तर अजूनही अशा घरात सुनेला बोलावतात आणि सासूशी हवापाण्याच्या गप्पा मारून जातात. सासूबाईंनी त्या मुलीकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "येईन." संध्याकाळी त्यांनी कपाटातली मोरपंखी साडी काढली, आणि निऱ्या मला धरायला लावल्या.

वाण काय असेल याची आम्हा बायकांना नेहमीच उत्सुकता असते. डबे, गाळणी, चमचे, कापडी पिशव्या, हल्ली तुळशीची रोपं. या पोरीने काय दिलं? गोल्डफिश. प्रत्येक घराला काचेची एक लहान बरणी, त्यात पाणी, त्यात एक केशरी मासा आणि बरणीच्या गळ्याला रिबन. "प्लास्टिक नको म्हटलं, काहीतरी जिवंत देऊ," म्हणाली. सगळ्या बायका "अय्या, किती गोड" म्हणत बरण्या घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. सासूबाईंना तिने इतरांसारखंच हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, तिळगूळ दिला आणि आमच्या घरची बरणी त्यांच्या हातात ठेवली. सासूबाई घरी आल्या, आणि गोल्डफिशचं पाणी वेगळं, गार, त्याची घाण जास्त, तो वाढून हाताएवढा होतो, हे सगळं मला स्वतः शिकवलेल्या त्या बाईने तो मासा सावकाश, पद्धतशीर आपल्या टाकीत सोडला. त्याच्या शेपटीवर पांढरा डाग होता. त्या बराच वेळ बघत उभ्या होत्या.

दोन दिवसांनी पहिल्या मजल्यावरची आली. "अगं, आमच्याकडे मांजर आहे, आणि वाण काही टाकून देता येत नाही. तुमच्याकडे टाकी आहेच." मग समोरची आली, ती गावाला निघाली होती. मग तिसरी, चौथी. वाण म्हटलं की बायका चमचासुद्धा टाकत नाहीत, वर्षानुवर्षं खणात जपतात. हा तर जीव. टाकायचा कसा, ठेवायचा कुठे? सगळ्यांना एकच उत्तर सुचलं, आणि ते उत्तर आमच्या हॉलमध्ये होतं. एकीने तर कमाल केली. बरणीबरोबर मुलाच्या वाडग्यातले पट्टेरी टायगर बार्ब मासेही घेऊन आली, येतेच आहे तर म्हणून. बहुतेक जणी दुपारी यायच्या, मी बँकेत असताना. मी घरी आले की टाकीत एक केशरी ठिपका वाढलेला असायचा.

मला वाटलं, त्या हौसेने घेतायत. त्यांची टाकी, त्यांचे मासे, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. शिवाय बायका येतात, बसतात, दोन शब्द बोलतात. एकटी बाई दुपारी घरात बसून कंटाळते, तिला बरं वाटत असेल. मी नाक खुपसलं तर म्हणतील, सुनेला माझ्याकडे माणसं आलेली खपत नाहीत. म्हणून मी, जी एरवी वॉचमनलाही चार गोष्टी ऐकवते, तोंडाला कुलूप लावून बसले.

पाणी आधी किंचित दुधाळ झालं. मग जास्त. टेट्रा वर येऊन तोंडं उघडायला लागले. गुरामीचं वर येणं वेगळं असतं, तो वरची हवा घेतोच, पण टेट्रा वर आले म्हणजे खाली काहीतरी बिनसलंय. त्यातले दोन-तीन एकेक करून मेले. बार्ब दिवसभर नर गुरामीच्या मागे लागायचे आणि त्याच्या मिशा तोडायचे. एक मिशी निम्मी राहिली. तो कोपऱ्यात, पाणी कोमट ठेवणाऱ्या हीटरच्या मागे जाऊन बसला आणि खायचा बंद झाला. सासूबाई स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसायच्या. जेवण कमी झालं त्यांचं. मी विचारलं की म्हणायच्या, "काही नाही गं, भूक नाही."

आणि एका सकाळी त्यांनी मुलाला सांगितलं, "खोपटच्या आसपास एखादी खोली बघ. तळमजल्यावर असली की झालं."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी काय केलंय असा चेहरा केला असेल मी. तो म्हणाला, "आई, गुडघा अजून नीट नाही, एकटी कशी राहणार? पडलीस बिडलीस तर?" त्या एवढंच म्हणाल्या, "बघ तर खरं." दिवसभर बँकेत माझं लक्ष लागेना. माझंच काहीतरी चुकलं असणार, मी कधीतरी फाडकन बोलले असणार, असं वाटत राहिलं. राग आला, आणि रागापेक्षा वाईट वाटलं. ही बाई माझ्या घरातून जावी असं मला अजिबात वाटत नव्हतं. वर्षभरापूर्वी कुणी मला असं होईल म्हणून सांगितलं असतं तर मी हसले असते.

नवऱ्याने एका एजंटला सांगून ठेवलं, आणि स्वतः आपल्या परीने उपाय केला. कामासाठी कल्याणला गेला होता, तिथल्या बाजारातून एक सकर मासा घेऊन आला. काळा, खवल्याखवल्यांचा, तोंड खाली. "हा काच साफ करतो. पाणी स्वच्छ होईल, आईला बरं वाटेल." मला त्याचा इतका राग आला आणि इतकी कीवही आली. गर्दी झाली म्हणून गर्दी आवरायला अजून एकाला आणायचं. सासूबाईंनी पिशवीत बघितलं आणि विचारलं, "केवढा होतो हा, विचारलंस?" त्याने विचारलं नव्हतं. तो होतो फूट-दीड फूट. सासूबाई त्याला रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "खोलीचं बघितलंस का?"

नंतरच्या शनिवारी बँकेत दुपारी लाइट गेले, सर्व्हरही बंद पडला, आणि मी लवकर घरी आले. दार उघडलं तर हॉलमध्ये पाणीच पाणी. सासूबाई, साडी खोचलेली, हातात भरलेली बादली, ऑपरेशन झालेल्या पायावर जोर देत टाकीकडे चालल्या होत्या. रोज दुपारी, आम्ही नसताना, त्या टाकीतलं थोडं थोडं पाणी काढून नवीन भरत होत्या. विष पातळ करायला. मी बादली हिसकावलीच. आणि मग माझं तोंड सुटलं. "तुम्हाला काय झालंय आई? पडला असतात तर? मी काय उत्तर देणार होते? कोण सांगतं एवढे मासे घ्यायला? हौस म्हणून घेतलेत ना, मग आता..."

"हौस?" त्या म्हणाल्या. "मला एकही नको होता त्यातला."

"मग घेतलेत कशाला?"

त्या सोफ्याच्या कडेवर टेकल्या. ओला पदर पिळत म्हणाल्या, "ही बिल्डिंग तुझी. तुला इथे राहायचंय. या बायकांना मी नाही म्हणायचं आणि तू त्यांच्याशी बोलणं गमवायचं, असं मी कसं करू? मी काय, आज आहे, उद्या नवीन घर झालं की जाणार. आणि पहिला मीच घेतलाय ना. मी घेतला तर दुसरीला नाही कसं म्हणू?" मग म्हणाल्या, "मला माहिती होतं तो त्या पाण्यातला नाही. पण बारा वर्षांनी कुणी माझ्या हातात वाण दिलं गं. मला तो बरणीत ठेवून मारायचा नव्हता."

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. आम्ही दोघी पंधरवडाभर एकमेकींची भीड धरून बसलो होतो. त्यांना वाटत होतं माझं शेजारपण राखायचंय, मला वाटत होतं त्यांचा विरंगुळा राखायचाय. आणि मधल्या मध्ये बिचारे मासे मरत होते. मी विचारलं, "म्हणून खोली हवीय?" त्या म्हणाल्या, "तिथे कुणाला नाही म्हटलं तर माझंच शेजारपण जाईल. इथे तुझं जातं."

"जाऊ दे की," मी म्हटलं. "माझं जाईल ते जाऊ दे. मला या बायकांच्या तोंडाची नाही, तुमच्या पायाची काळजी आहे. आणि मला तुम्ही इथेच हव्या आहात. झालं, बोलले." एवढं सरळ मी त्यांना लग्नापासून कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आधी फरशी पूस. तूच पडशील."

मी फरशी पुसली, तडक चौथ्या मजल्यावर गेले आणि बेल दाबली. भांडायच्या तयारीनेच गेले होते. त्या मुलीने दार उघडलं, हेडफोन गळ्यात. मी एका दमात सगळं सांगितलं, दुधाळ पाण्यापासून बादलीपर्यंत. तिचा चेहरा उतरला. "काकू, मला वाटलं मासे बरणीतच राहतात. दुकानात तसेच ठेवलेले होते." मग म्हणाली, "आजींना त्रास झाला? मी येऊ का खाली?" मला भांडायला काही शिल्लकच ठेवलं नाही तिने.

तिला घेऊन मी खाली आले आणि म्हटलं, तळ्यात सोडूया, आपल्याकडे तळी काय कमी आहेत? सासूबाईंनी नकार दिला. "तळ्यात सोडलं की आपण सुटतो. मासा नाही सुटत. आणि जगलाच तर तिथल्या माशांचं खाणं खाऊन बसेल." शेवटी त्या मुलीनेच शोधलं. शीळ रोडवर एक नर्सरी होती, तिथे कमळं लावलेले मोठे सिमेंटचे हौद होते, आणि नर्सरीवाल्याला डासांच्या अळ्या खायला गोल्डफिश हवेच होते. सकर नवऱ्याने कल्याणला परत नेऊन दिला, दुकानदार कुरकुरला पण घेतला. बार्ब ज्या बाईने दिले तिच्याकडे मी स्वतः घेऊन गेले. ती थोडी तुटक बोलली, दोन दिवस लिफ्टमध्ये मान वळवली, आणि तिसऱ्या दिवशी कोथिंबीर मागायला आली.

पुढच्या रविवारी सकाळी त्या मुलीच्या गाडीतून आम्ही निघालो. मागच्या सीटवर मी आणि सासूबाई, मांडीवर हवा भरलेल्या पिशव्या. नर्सरीत पोचल्यावर सासूबाईंनी हौदात बोटं बुडवली, पाण्याचा वास घेतला आणि नर्सरीवाल्याची मुलाखत सुरू केली. पाणी किती खोल, उन्हाळ्यात सावली असते का, बगळे येतात का? बगळे यायचे, म्हणून त्याने अर्ध्या हौदांवर जाळी टाकलेली होती. मग जाळीच्याच हौदात सोडायचे, असं त्यांनी ठरवून टाकलं. पिशव्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी एकसारखं गार होईपर्यंत. मग एकेक सोडली. केशरी मासे कमळाच्या पानांखाली शिरले.

पांढऱ्या डागाचा शेवटच्या पिशवीत होता. ती मुलगी म्हणाली, "आजी, तुमचा तुम्ही ठेवा ना. एकच तर आहे."

सासूबाई म्हणाल्या, "एकच असला तरी त्याला हे पाणी हवं, माझ्या माशांना दुसरं. तू मला बोलावलंस, कुंकू लावलंस, ते कुठे जात नाही." आणि त्यांनी पिशवी तिरकी केली. मुलगी रडायला लागली, तर त्याच तिला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी गाळणी दे."

पाणी लगेच नाही सुधारलं. अजून थोडे दिवस रोज थोडं पाणी बदलावं लागलं, पण आता बादली नवरा उचलायचा आणि सासूबाई स्टुलावर बसून सूचना द्यायच्या. हळूहळू काच पुन्हा पारदर्शक झाली. टेट्रा मधल्या पाण्यात परतले. नर गुरामी हीटरमागून बाहेर येईल असं मला वाटत नव्हतं. एका सकाळी मी कुकर लावत होते आणि हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, ये लवकर." मी धावले. तो वर आलेला, अर्ध्या मिशीने दाणा चाचपत, आणि त्याने तो खाल्ला. मग दुसरा. मला इतकं हायसं वाटलं की मी गॅस बंद करायचा विसरले आणि शिट्ट्या होत राहिल्या.

त्याच वेळी नवऱ्याचा फोन वाजला. एजंट होता. खोपटला खोली मिळाली होती, तळमजला, हवेशीर, स्टँड जवळ. मी दाण्याची डबी उचलून हातात धरली. आम्ही तिघांनी गेल्या काही दिवसांत या विषयावर एक अक्षर काढलं नव्हतं. त्या काय ठरवतायत ते मला विचारायचं होतं आणि विचारायची भीतीही वाटत होती. नवऱ्याने फोन आईच्या हातात दिला.

त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नको. खोली नको मला." पलीकडून एजंट समजावत असावा, कारण त्या थोडं थांबल्या. "नाही हो, तळमजल्याचा प्रश्न नाही. नवीन घर होईपर्यंत मी सुनेकडेच आहे. आणि झाल्यावरही बघू." फोन नवऱ्याला परत दिला, दाण्याची डबी माझ्या हातातून घेतली, झाकण लावलं. "कुकर बघ," म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून पोटभर रडून घेतलं.